मर्टलच्या नोंदीतली एक ओळ

लॉक्सटन, २ जून

बाबा,

कूबर पीडीला निघून गेल्यापासून फोन तू उचलत नाहीस. तिथल्या पबमधली बाई म्हणाली की उन्हापासून वाचायला खणलेल्या जमिनीखालच्या घरांत रेंज येत नाही. पबच्या दारात मात्र येते, हेही तिनेच सांगितलं. म्हणून पत्र लिहितेय. पत्र मधेच कापता येत नाही, फार तर फाडता येतं.

यात माफी शोधू नकोस. नाहीये.

मागच्या वर्षीच्या मार्चमध्ये अजगर पाळायच्या परवान्याच्या अर्जात मी एक ओळ खरी लिहिली. मर्टल ही मादी अजगर, तुझ्या कागदांत होतं तशी, मरी ब्रिज गावच्या पाळणाऱ्याकडून आणलेली नाही, पुरानंतर नदीच्या बांधावर सापडलेली आहे, एवढीच ती ओळ. रानातला साप उचलणं बेकायदा, म्हणून तुझा तीस वर्षांचा परवाना गेला. तू व्हरांड्यात उभा राहून म्हणालास, "एक ओळ, ब्रॉन्टी. एक ओळ गाळता आली नाही तुला?" नाही आली. खाली माझी सही होती. आपल्या घरातली कॉलेजातून बाहेर पडलेली पहिली सही, आणि तिचा पहिला उपयोग मी खोट्याखाली करणार नव्हते. मी सगळं खरं लिहिलं आणि पुन्हा लिहीन.

आता कामाचं. तेरा वर्षं माणसांत राहिलेला अजगर नदीवर परत सोडता येत नाही, आपल्याकडचा एखादा आजार तिकडच्यांना लागायचा. म्हणून वन्यजीव खात्याने जोडी माझ्या नावावर केली. मर्टल आणि हर्ब शेडमध्येच आहेत, तुझ्याच लाकडी खोक्यांत. एप्रिलपासून दोघांना खाणं बंद. दिवसातून चार तास दिवा, बाकी वेळ थंडी. यंदा मी त्यांची वीण घेणार आहे.

"मर्टल कुणाला जवळ येऊ देत नाही," असं तू अकरा वर्षं म्हणत आलास. ती का येऊ देत नव्हती ते सांगू? त्यांना हिवाळा लागतो. गारठा अंगात मुरल्याशिवाय वसंत आल्याचं त्यांना कळत नाही. आणि तू दर जुलैत, ऐन थंडीत, सगळे झोपलेत असं समजून, तिच्या खोक्यात गरम पाण्याची पिशवी ठेवायचास. लोकरीच्या मोज्यात घालून. मला माहीत होतं.

यंदा पिशवी नाही.

ब्रॉन्टी


३० ऑगस्ट

बाबा,

तुझं उत्तर आलं नाही. ठीक आहे.

पंधरा तारखेला हर्बला मर्टलच्या खोक्यात सोडलं. हर्बने काय केलं? पाण्याच्या भांड्यात जाऊन बसला. अकरा दिवस. फक्त नाक बाहेर. मर्टल फांदीवरून त्याच्याकडे बघायची, आणि शेजारची हुल्डा कुंपणावरून माझ्याकडे.

"झालं का लग्न?" ती रोज विचारायची.

"नाही."

"माझा अर्नेस्टही असाच होता. सहा महिने आमच्या दारात सायकल पुसत उभा राहायचा."

हुल्डाला तू ओळखतोस. ऐंशीची झाली, सापाचं नाव काढलं की अजून एप्रनचं टोक तोंडाशी धरते, आणि तरी सगळं तिला कळायला हवं असतं.

अकराव्या दिवशी मी बेरी गावाला गेले. तिथल्या एका पाळणाऱ्याकडे एक दांडगा नर आहे, त्याची ताजी कात मागून आणली आणि मर्टलच्या खोक्यात पसरली. परक्या नराचा वास आला की आळशी नराला जाग येते, ही युक्ती कुठल्याही पुस्तकात मला सापडली नव्हती. ती मी आठ वर्षांची असताना तू दाखवली होतीस. कात ठेवलीस आणि म्हणालास, "आता बघ, साहेब दाढी करून येतील."

साहेब वीस मिनिटांत भांड्याबाहेर आले. कातीवर जीभ फिरवली, सगळं खोकं दोनदा पालथं घातलं, नसलेल्या शत्रूला शोधलं आणि मग मर्टलच्या पाठीवरून हळूच सरकत गेले. दुपारी दोन ते रात्री आठ, शेपट्या एकमेकींत. मी उलट्या क्रेटवर बसून चहा पीत होते. चहा गार झाला तरी पीत होते.

युक्ती तुझी होती, हे मान्य. थंडी माझी होती.

ब्रॉन्टी


२५ नोव्हेंबर

बाबा,

तुझं पोस्टकार्ड ऑक्टोबरात मिळालं. दीड वर्षात पहिलं. चार वाक्यं. हुल्डालाही पाठ झालीत, कारण पोस्टमनने ते तिच्या पेटीत टाकलं होतं.

"अंडी आली की लगेच काढ. आईपाशी ठेवू नकोस, ती मरेल. चार वर्षं शिकून एवढंही कळत नसेल तर जोडी देऊन टाक. आणि मेली की तुझ्या त्या नोंदवहीत लिही, कोणी मारली ते."

अंडी काल सकाळी आली. सतरा. दोन पिवळी, सुरकुतलेली, त्यांत काही नाही. पंधरा चांगली, पांढरी, टपोरी. मर्टल त्यांच्याभोवती मधमाशीच्या पोळ्यासारखी वेटोळं घालून बसली आहे, डोकं सगळ्यात वर.

मी ती काढलेली नाहीत. काढणार नाही.

सगळे पाळणारे काढतात, मला ठाऊक आहे. आईला उचलायचं, अंडी उबवण्याच्या पेटीत, आई परत फांदीवर, आठवड्यात उंदीर खायला मोकळी. अंडीही वाचतात, आईही. चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण मर्टल नदीवरची आहे. तिला आपण बांधावरून उचलून आणलं, फांदी आपली दिली, ऊन बल्बचं दिलं. तिचं म्हणून एवढं एकच काम उरलंय. तेही तिच्या हातून काढून घ्यायचं का? (तिला हात नाहीत, हे तू म्हणायच्या आधी मीच लिहिते.)

आणि एक सांगते. तू हे ग्रेसीमुळे म्हणतोस. ग्रेसीने अंडी उबवली, दोन महिने खाल्लं नाही आणि मेली, आणि तेव्हापासून तू एकाही मादीला अंड्यांवर बसू दिलं नाहीस. पण ते वर्ष कोणतं होतं, बाबा? आई ॲडलेडच्या हॉस्पिटलात होती. आपण दोघं पाच आठवडे घरी नव्हतो. शेडमध्ये पाणी द्यायला कुणी नव्हतं. ग्रेसी अंड्यांनी नाही मेली, तहानेने मेली. आपण तेव्हा जिथे असायला हवं होतं तिथेच होतो. त्यात कुणाची चूक नाही. मी हे नऊ वर्षं बोलले नाही, कारण तू शेडचं दार लावून घ्यायचास.

आता माझी चूक. काल सकाळी अंडी मोजताना मी फार पुढे वाकले, मर्टलने फुत्कारून झेप घेतली, मी दचकून मागे झाले आणि पंधरातलं एक, अजून इतरांना चिकटलं नव्हतं ते, घरंगळत दारापाशी आलं. मी ते उचललं. नुसतं उचललं. खूण न करता.

हो, ओरड. मी आहे इथे.

सापाचं अंडं ठेवलं तसंच राहिलं पाहिजे, उलटलं तर आतलं पिल्लू बुडतं. म्हणून हात लावायच्या आधी वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली. हे मला कोंबडीचं अंडं खाता येण्याआधी शिकवलं होतंस. आणि मी पदवीधर, अंडं हातात घेऊन उभी, वरची बाजू कुठली ते ठाऊक नाही.

मग तुझा आवाज आठवला. "पहिल्या दिवशी माफ असतं. अंधार कर, मागून टॉर्च धर, लाल जाळं शोध. जाळं वर." शेडला गोणपाट लावून अंधार केला. टॉर्च धरली. नाण्याएवढं लालसर वर्तुळ आणि त्यातून निघालेले केसासारखे धागे. ते वर घेतलं. पेन्सिल शोधली, शेडमध्ये एकही नव्हती, सगळ्या तू कानामागे लावून नेल्यास. शेवटी पर्समधल्या भुवयांच्या पेन्सिलीने फुली मारली.

मर्टलने ते परत घेतलं नसतं, म्हणून ते एकच तुझ्या त्या उबवणपेटी केलेल्या जुन्या फ्रिजमध्ये आहे. बल्ब लावून, एकतीस अंशांवर. तर पंधरांपैकी एक तुझ्या पद्धतीने आणि चौदा तिच्या. बघू.

ब्रॉन्टी


२८ डिसेंबर

बाबा,

ख्रिसमसच्या आदल्या दिवशी तुझं पाकीट आलं. आत चिठ्ठी नाही. कूबर पीडीच्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली सुताराची चपटी पेन्सिल, अर्धी झिजलेली, टोक चाकूने काढलेलं.

हुल्डाने पाकीट उलटं करून झटकलं. "एवढंच? एक अक्षर नाही? तो मर्व्ह नोस्के म्हणजे दगड आहे दगड!"

मी म्हटलं, "अगं, हे ओरडणं आहे. भुवयांच्या पेन्सिलीबद्दल."

"मग केक कशाला पाठवतेस त्याला?"

केक तिचाच आहे, वरती चुरा घातलेला जर्मन. सोबत पाठवतेय. रस्त्यात मोडेल, चमच्याने खा.

आता मर्टलबद्दल. तुझी भीती खोटी नाही, हे लिहायला हवं. ती खात नाही. पाण्याचं भांडं मी तिच्या तोंडापासून वीतभर ठेवते, रात्री थोडं कमी झालेलं असतं. पाठीचा कणा वर आलाय. आधी बोट फिरवलं तर गुळगुळीत लागायचं, आता दिसतो, छपराच्या आढ्यासारखा. सकाळी गारवा असला की ती थरथरते. आजारी असल्यासारखी नाही, मोजून, उचकीसारखी एका लयीत. स्नायू आखडून आखडून स्वतःचं अंग तापवते आणि ती ऊब अंड्यांना देते. जवळ थर्मामीटर धरला. शेडमध्ये बावीस, वेटोळ्याच्या आत एकतीस. तुझ्या फ्रिजमध्ये जेवढे, तेवढेच. तिला कुणी आकडा सांगितला नव्हता.

दोनदा मी दुसरी पेटी तयार केली. ओली माती भरली, बल्ब लावला. एकदा तर हातमोजे घालून खोक्याचं दार उघडलंही. तिने डोकं उचललं आणि माझ्याकडे बघितलं. फुत्कारली नाही. मी दार लावलं.

ती मेली तर मी लिहीन, कोणी मारली ते. तू म्हणालास तसंच. नाव पूर्ण लिहीन.

ब्रॉन्टी


११ जानेवारी

बाबा,

बातम्यांत ऐकलं असशील. परवा इथे शेहेचाळीस होतं. तू जमिनीखाली तेवीस अंशांत बसला असशील, म्हणून सांगते, द्राक्षं वेलीवरच बेदाणे होत होती.

दुपारी एक वाजता वीज गेली.

शेडचं छत पत्र्याचं. पंखा बंद, कूलर बंद. अर्ध्या तासात आत अडतीस. पस्तीसच्या वर फार वेळ गेला तर अंड्यांत पिल्लं शिजतात. मर्टलला हलवता येत नव्हतं, तिला उचललं की अंडी उलटणार, ती सगळी आता एकमेकांना चिकटून एकच गोळा झालेली. हर्बला मी उशीच्या अभ्र्यात घालून घरात न्हाणीघरात नेऊन ठेवलं. परत आले तेव्हा मर्टलने वेटोळं सैल केलं होतं, अंड्यांना वारा लागावा म्हणून. ती तिचं करत होती. मी नुसती उभी होते.

मग हुल्डा आली. हातगाडीवर गोणपाटाचा ढीग आणि दोन बादल्या.

"आमच्याकडे फ्रिज नव्हता तेव्हा लोणी कसं टिकायचं, ठाऊक आहे का तुला? कॉलेजात शिकवलं?"

"नाही."

"मग धर."

आम्ही खोक्याभोवती ओली गोणपाटं टांगली, टोकं बादल्यांत बुडवून. दोन्ही दारं उघडी टाकली. दर दहा मिनिटांनी पाणी शिंपडायचं. हुल्डा सापापासून दोन हातांवर होती. आयुष्यात इतक्या जवळ ती कधी आली नव्हती. एप्रनचं टोक तोंडात धरून शिंपडत होती.

मी म्हटलं, "हुल्डा, भीती वाटत असेल तर जा तू."

"भीती वाटतेच आहे," ती एप्रनमधूनच म्हणाली. "पण ती बघ ना, पळून जाऊ शकते, तरी बसलीय. मी कुठे जाऊ?"

पाच तास. खोक्यात सगळ्यात जास्त चौतीसपर्यंत गेलं. सहा वाजता वीज आली, हुल्डा क्रेटवर बसली आणि म्हणाली, "मर्व्हला लिही, मी त्याच्या सापाला आंघोळ घातली."

तुझा जुना फ्रिज? आत बत्तीस. जाड भिंती, दार बंद, काहीच करावं लागलं नाही. हेही लिहिते. मी निवडून खरं लिहीत नाही.

ब्रॉन्टी


२४ जानेवारी

बाबा,

फुलीचं अंडं परवा फुटलं. सर्वांत आधी. फुलीच्या शेजारी बारीक चीर, त्यातून नाक, आणि दीड दिवस ते तसंच नाक काढून जगाकडे बघत बसलं. तुझ्यासारखंच, बाहेर यायची घाई नाही.

मर्टलची काल फुटू लागली. चौदांतली अकरा. तीन मेली, त्यांतली दोन बहुतेक त्या उन्हाच्या दिवशी. तिने वेटोळं सोडलं आणि पिल्लं तिच्या अंगावरून, डोक्यावरून बाहेर पडली, पेन्सिलीएवढी. तुझ्या पेन्सिलीशेजारी एक ठेवून मापलं.

मर्टल जिवंत आहे. जूनमध्ये तीन किलो शंभर ग्रॅम होती, आज दोन किलो दोनशे. आज संध्याकाळी तिच्यापुढे उंदीर धरला.  तिने बघितलं, जीभ काढली, पुन्हा बघितलं. आणि मग घेतला.

मी शेडच्या दारात बसून रडले. हुल्डाने कुंपणावरून ओरडून विचारलं, "मेली?"

"जेवली!"

"मग रडतेस कशाला, बावळट!"

ब्रॉन्टी


९ फेब्रुवारी

बाबा,

हे शेवटचं पत्र नाही, पण हे लिहायला सर्वांत अवघड आहे.

वर्षाची नोंद भरायला बसले. बारा पिल्लं, तीन मृत, दोन निकामी अंडी, सगळं लिहिलं. पिल्लांच्या रांगेत एक रकाना असतो, 'मूळ'. आई कुठून आली, कोणी आणली. तिथे हात थांबला.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, मी सगळं खरं लिहिलं होतं. नव्हतं लिहिलं.

मी दहा वर्षांची होते. पूर ओसरला होता, तू ट्रक बांधावर थांबवलास. ती गवतात होती, मांजराने मान फाडलेली, बोटाएवढी जाड. तू म्हणालास, "खात्याला कळवलं तर आठवडा जाईल, ही संध्याकाळही काढणार नाही." तू सीटवरच्या उशीचा अभ्रा काढलास आणि तिला आत घातलंस. आणि घरापर्यंत तो अभ्रा मी मांडीवर धरून बसले होते. रस्त्यात तू विचारलंस, "कुणाला सांगायचं नाही, जमेल?" मी म्हटलं, "जमेल." बारा वर्षं जमलं.

परवान्याच्या त्या मार्चमध्ये खात्याचा माणूस आला, त्याने मला विचारलं, "तेव्हा सोबत कोण होतं?" तू व्हरांड्यात उभा होतास. तू ऐकलंस. मी म्हणाले, "बाबा एकटेच होते."

 मला वाचवायला तू गप्प बसलास, की मी थुंकायच्या लायकीचीही उरले नव्हते म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. तुला राग त्या ओळीचा नव्हता, हे मात्र मला मर्टलला दोन महिने बघत बसल्यावर कळलं. राग अर्ध्या ओळीचा होता.

ती ओळ खरी होती. ती मी मागे घेत नाही. तू पकडलंस ते बेकायदा होतं, आणि तू पकडलं नसतंस तर ती त्या संध्याकाळी मेली असती. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही लिहिता येतं. मी फक्त ओळ पुरी करतेय. रकाना लहान आहे, म्हणून समासात गेले:

'आई: मर्टल. पुरानंतर नदीच्या बांधावर जखमी सापडली. मर्व्हिन नोस्के यांनी उचलली आणि वाचवली. तिला घातलेला अभ्रा ब्रॉन्टी नोस्के हिने धरला होता. हे तिने आधी लपवलं होतं.'

खात्याला जे करायचं ते करू दे. परवाना काढून घेतला तर हुल्डाच्या मदतीने बाराच्या बारा पिल्लांना चांगली घरं शोधीन आणि पुन्हा अर्ज करीन. पुन्हा हीच ओळ लिहीन. ती आता या बाराही जणांच्या कागदांवर आहे. त्यांची पुढे पिल्लं होतील, त्यांच्याही. सगळ्यांच्या वरती तुझं नाव असेल, आणि कुणीतरी वाचून विचारेल, हा मर्व्हिन नोस्के कोण?

नोंद शाईने करावी लागते. मी आधी तुझ्या पेन्सिलीने लिहिली, मग वरून शाई फिरवली.

खाली दोन सह्या लागतात, एक माझी आणि एक साक्षीदाराची. माझी केलीय. कागद अठ्ठावीस तारखेला पाठवायचा आहे. कूबर पीडीहून बस मंगळवारी आणि शुक्रवारी निघते, मी विचारून ठेवलंय. तू आला नाहीस तर हुल्डा सही करेल. कागद तर जाणारच आहे.

पण त्या बांधावर हुल्डा नव्हती. आपण दोघंच होतो.

ब्रॉन्टी